आवाज तुटतोय, अक्का

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि अक्काला तर नाहीच — तिच्यापासूनच तर लपवलंय. तुम्हाला सांगताना मात्र सारखं हसू येतंय. सगळंच हसण्यासारखं नाही त्यात, म्हणून जरा थांबत थांबत सांगते.

अक्का माझी थोरली बहीण. अक्कलकोटला असते. मराठी आणि कन्नड दोन्ही येतात तिला, आणि दोन्ही मिळून पुरत नाहीत, इतकं तिला बोलायचं असतं. मी इकडं सोलापुरात. दुपारी जेवून जरा आडवी झाले, की तिचा फोन. भाजी काय केली इथपासून सुरुवात, आणि मग तिच्या शेजारणीची सून, त्या सुनेचं माहेर, माहेरच्यांची भांडणं... ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही, त्यांच्या घरातलं सगळं मला पाठ झालं होतं.

एकदा डोळ्यांवर फारच झोप होती. मी म्हटलं, "हॅलो... अक्का... आवाज तुटतोय." आणि फोन ठेवला. काय सुंदर झोप लागली त्या दिवशी — काय सांगू? मग दुसऱ्या दिवशीही आवाज तुटला. मग तुटतच राहिला.

अक्का चिडली. माझ्यावर नाही हो, मोबाइल कंपनीवर. कस्टमर केअरच्या मुलींना तिनं फोन करून करून भंडावून सोडलं. त्या बिचाऱ्या मला फोन करून विचारायच्या, "मॅडम, आता रेंज येते का?" मी सांगायचे, नाही येत. माझा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू जात होता — नाहीतर "नाही येत" हे तरी त्यांनी कसं ऐकलं असतं?

शेवटी एक दिवस अक्का एसटीनं येऊन दारात उभी राहिली. "चल, तुज्या कंपनीच्या हापिसात."

नवी पेठेत त्यांचं दुकान होतं. काउंटरवरच्या मुलीनं माझा मोबाइल हातात घेऊन पाहिला. "आजी, फुल रेंज दाखवतंय की."

"हितं दावतंय, घरी न्हाय. इचार हिला."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "घरी नसते."

तिथं पुढं काय झालं — ते सांगते, पण जरा नंतर. आधी गंमत ऐका. अक्कानं मला तिथून थेट दुसऱ्या कंपनीच्या दुकानात नेलं आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला लावली. काही दिवसांनी नवं सिम सुरू झालं, आणि घरातली रेंज गेली. खरोखर गेली. स्वयंपाकघरात नाही, हॉलमध्ये नाही, पलंगावर तर नाहीच. पुन्हा कंपनी बदलायची, तर तीन महिने थांबायचं.

सुरुवातीला मी मजेत झोपले. मग झोप येईना. कूस बदलायची, पंख्याकडं बघत पडायचं. त्या शेजारणीच्या सुनेला दिवस गेले होते — काय झालं असेल तिचं? आणि मला कशाला हव्यात या चौकशा?

एका दुपारी उठले आणि गच्चीवर गेले. सोलापूरचं ऊन. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, मी आपण होऊन अक्काला फोन लावला. आपण होऊन — किती वर्षांत पहिल्यांदा, कुणास ठाऊक.

"कोन? तू व्हय? आगं, जुळं झालं की तिला!"

मी इतकी हसले, की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई हात थांबवून बघायला लागली. मग रोजच गच्ची. आईला चुकवून आम्ही चिंचा मीठ लावून कशा खायचो, तिच्या लग्नात मी रुसून कोठीत कशी बसले होते — सगळं त्या टाकीपाशी निघालं. तीन महिने संपले, मी जुनी कंपनी परत घेतली. आता पलंगावर पडून बोलतो, तासतासभर. अक्का सगळ्यांना ऐटीत सांगते, "म्या भांडून आनली तिची रेंज." मी व्हय म्हणते.

आता ते दुकानातलं.

मी "घरी नसते" म्हणाले आणि अक्काचा आवाज चढला. राग आला की ती कन्नडवर जाते. मुलीला शब्द कळत नसावेत, सूर कळत होता. रांगेतली माणसं अक्काची बाजू घेऊन बोलायला लागली. आतून साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत मुलीला झापलं — म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडतेस? मुलीचे कान लाल झाले. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, माझी खात्री आहे. एका वाक्यात मी तिला सोडवू शकले असते. मी काय केलं? पर्सची चेन उघडली. परत लावली.

मग ती म्हणाली, "सॉरी मॅडम, माझं चुकलं."

आणि मी — मी म्हणाले, "असू दे." खोटं माझं होतं, आणि माफ मी तिला केलं.