शेवटच्या चेंबरचे एकवीस आटे

नेहमी येणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, या पोस्टमध्ये धबधबा नाही. भंडारदऱ्याला तासाभरात चाळीस फोटो काढणारी मी या वेळी दोन दिवसांत मोजून अकरा फोटो घेऊन आले, आणि त्यातल्या सात फोटोंत नुसती रस्त्यातली लोखंडी झाकणं आहेत. ज्यांना तेवढ्यावर परत जायचंय त्यांनी खुशाल जावं.

त्याचं असं झालं. आण्णा, म्हणजे माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून ते संगमनेरला माझ्याकडे असतात. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. गेल्या जुलैत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नजर कडेकडेनं गेलीय, मधला तुकडा तेवढा उरलाय. काय दाखवायचं ते दिवाळीच्या आत दाखवा." मी बाहेर येऊन रिक्षात रडले. आण्णांना दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं.

"रडू नको गं," ते म्हणाले. "मला नगरला ने."

मी म्हटलं, अजिंठ्याला नेते, दीक्षाभूमीला नेते, शिर्डीहून विमानात बसवते. "इमानातनं काय दिसनार मला? माझी चेंबरं बघायचीत."

आण्णा पस्तीस वर्षं नगरला पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. रस्त्याखाली चौकोनी खड्डा असतो, त्यावर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व्ह. तो खड्डा म्हणजे चेंबर. छातीएवढी उंच लोखंडी चावी आत सोडायची, आटे, म्हणजे फेरे, मोजत फिरवायची, की त्या भागाचे नळ सुरू. वेळ संपली की बंद करून पुढच्या चेंबरला. लोकांना शहर पेठांनी आणि वॉर्डांनी माहीत असतं, आण्णांना ते चेंबरांनी माहीत. खरं सांगते, मला वैतागच आला होता. शनिवारची शाळेतून रजा काढून दोन दिवस गटारासारखी झाकणं बघायची!

सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी सातच्या एसटीनं निघालो. लोणी, कोल्हार, राहुरी असा रस्ता. तीन तास धरून चाला. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास अगदी स्वस्तात पडतो, फक्त आधार कार्ड विसरू नका. आण्णांचं मी विसरले होते. कंडक्टरनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि शून्याचं तिकीट फाडलं. कोल्हारला भेळ घेतली. सकाळी नऊला भेळ खाऊ नये वगैरे मला सांगू नका, तिथून जाताना ती खायचीच असते.

राहुरीच्या पुढे आण्णा अचानक म्हणाले, "बाकीची न्हाई दिसली तरी चालंल. शेवटचं एक बघायचंय. आपल्या वस्तीतलं. ते किती आटं उघडत्यात, येवढंच बघायचं."

"किती म्हणजे?"

"बाकी समदी एकवीस आट्यांची हायेत," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी पुष्कळ खोदून विचारलं, एक शब्द बोलतील तर शपथ. हट्टीपणा आमच्या घरात वारशानं येतो.

या बाजूनं नगरला जाण्यात एक गंमत आहे, शहर तुम्हाला उलट्या क्रमानं भेटतं, सगळ्यात नवं आधी. विळदला मुळा धरणाचं पाणी उपसण्याची जागा लागते, मग एमआयडीसीचे कारखाने, मग नागापूर, मग सावेडी. आण्णांना मान इकडेतिकडे करून नजरेचा तुकडा नेमका जागी आणावा लागत होता. "हितं समदी ज्वारी हुती. सावेडीला बदली म्हंजी शिक्षा वाटायची आमाला. सायकल हानत यायचं, आन चार बंगल्यांना पानी सोडून परत." आता त्या चार बंगल्यांच्या जागी दुकानं, शिकवण्या, दवाखाने, आणि रस्त्याला नाव पाईपलाईन रोड. आधी पाइप गेला, मग त्याच्यामागून माणसं. आमचं सगळं शहरच असं वाढलंय, हे त्या दोन दिवसांत मला आण्णांनी शिकवलं.

तारकपूर स्टँडला उतरलो. लॉज जवळच घेतलं, नऊशे रुपये, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. जेवून अर्ध्या दिवसासाठी रिक्षा ठरवली. सातशे सांगितले, साडेपाचशेला तुटलं. रिक्षावाले चाचा साठीचे होते. "किल्ला, चांदबिबी महाल, म्युझियम?" त्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. आण्णा म्हणाले, "दिल्ली दरवाजा. आत गेल्यावर डाव्या हाताला झाकान हाय." चाचांनी आरशातून माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

दिल्ली दरवाज्याच्या आत शिरलं की जुनं नगर सुरू. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, बोलण्यात सगळ्यांच्या अजून नगरच. पाचशे वर्षांपूर्वी ही निजामशाहीची राजधानी होती. सीनेच्या काठी शहर वसलं, मग एकेका सरदारानं आपापला पुरा वसवला. सर्जेपुरा त्यातलाच. तोफा जिथे, तो तोफखाना. माळी राहत तो माळीवाडा. नालेगाव मूळचं गावच, शहरानं पोटात घेतलेलं. नंतर या सगळ्याभोवती तटबंदी आली, वेशी आल्या. इंग्रजांनी फौज बाहेर भिंगारला ठेवली. शाळेत मी हे सगळं शिकवते. पण पाण्याचं मला ठाऊक नव्हतं. वस्ती करायची तर आधी पाणी, म्हणून कापूरवाडीसारख्या वरच्या गावांकडून खापराचे नळ जमिनीखालून आणले होते. ज्याच्या हौदात नळ पडला, त्याचा पुरा भरला.

"आमच्या लायनी बी थोड्याफार त्याच वाटंनं गेल्यात," आण्णा म्हणाले. "उतार काय बदलत न्हाई ना."

चितळे रोडला एक चेंबर वडापावच्या गाडीखाली निघालं. तोफखान्यातलं एक पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलेलं. आण्णा काठीनं जमीन ठोकत जायचे, आवाज पोकळ आला की थांबायचे, वाकून डोळा नेमका आणायचे आणि म्हणायचे, "हाय!" सर्जेपुऱ्यात एका दुकानदारानं विचारलं, "आजोबा, काय हरवलंय का?" मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. पाचव्या झाकणानंतर मी कुरकुर बंद केली, सातव्याला स्वतःच गुडघ्यावर बसून माती झाडली.

मग मला दिसायला लागलं. वसंत टेकडीच्या टाकीवरून पाणी निघतं, बाजार, पेठा, पुरे असं उतरत उतरत सीनेकडे येतं. आणि सगळ्यात खाली, नदीच्या काठाला, राजधानी बांधणाऱ्यांची, झाडणाऱ्यांची, मेलेली जनावरं ओढणाऱ्यांची वस्ती. आमची. सरदार बदलले, साहेब बदलले, आमच्या आज्या-पणज्यांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन धर्म बदलला, पण उताराची ती शेवटची जागा काही बदलली नाही.

त्या बाजूचे सध्याचे वॉलमन जालिंदर, पन्नाशीचे, संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटले. आण्णांचं नाव ऐकून उठून उभे राहिले. "उद्या साडेपाचला शेवटचं चेंबर आहे. या ना, तुमच्या हातानं उघडा."

आण्णा रात्री जेवले नाहीत. मिसळ नको, भाकरी नको.

रविवारी पहाटे चाचांच्याच रिक्षातून वस्तीत पोहोचलो तेव्हा नळांपुढे हंडे लागलेले होते. मी दहावीत असताना आम्ही इथून केडगावला राहायला गेलो. त्यानंतर मी आले ती लग्नाच्या पत्रिका द्यायला, आणि आई गेली तेव्हा एकदा. कोपऱ्यावरच्या कमळामावशी, आईची मैत्रीण, विहाराच्या पायरीवर बसल्या होत्या. "जयभीम आण्णा! आंधळा झालास म्हनं?"

"अजून थोडा बाकी हाय," आण्णा म्हणाले.

जालिंदरनी झाकण उचललं, चावी आत सोडली आणि आण्णांचे हात धरून तिच्यावर ठेवले. आण्णा मोजू लागले. एक, दोन, तीन. आटा सरसर फिरत होता. नऊ झाले आणि जालिंदर म्हणाले, "बास, आण्णा. याला नऊच."

आण्णांचे हात चावीवरच राहिले. "नऊ का?"

"पहिल्यापासून नऊच आहे. मला माझ्या आधीच्या वॉलमननी सांगितलं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"त्येला म्या सांगितलं हुतं," आण्णा म्हणाले.

मग तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर बोलले. हे घडलं तेव्हा मी चौथीत होते. वर बाजारात कुणीतरी म्हटलं होतं, हा आपल्या लोकांना धो धो पाणी सोडतो आणि आम्हाला करंगळीएवढी धार. खोटं होतं, सगळ्यांना एकवीस आटेच होते. पण आण्णा घाबरले. आमच्या माणसाच्या हातात अख्ख्या शहराचं पाणी होतं, हेच पुष्कळांना टोचायचं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या वस्तीचे आटे नऊवर आणले. कुणाला बोट दाखवायला जागा नको. "रोज म्हनायचो, उद्या उघडू. उघडायला तोंड हुईना. बदली झाली तवा नव्या मानसाला काय सांगनार? म्हनलो, शेवटच्याला नऊ. वाटलं हुतं, कुनीतरी पुढं उघडंल."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं! त्या बारीक धारेखाली आठपर्यंत हंडा भरायचा म्हणून मी शाळेत रोज उशिरा जायची, वर्गाबाहेर उभी राहायची. मी आईवर चिडायची, ती आळशी आहे, हंडा वेळेवर लावत नाही म्हणून. रस्त्यात, दहा माणसांत, मला आण्णांचा असा काही राग आला की मी पाठ फिरवून चार पावलं चालत गेले.

मागून कमळामावशींचा आवाज आला. "आमी तुला लई शिव्या घातल्या, आण्णा. शेजारी राहून आमचं पानी तोडलं म्हनून. तुझ्या बायकूला समदं ठाऊक हुतं. ती आपला हंडा रांगंत समद्यात शेवटी लावायची. म्हनायची, आमच्यामुळं तुमाला उशीर व्हतो, तुमी आधी भरा."

आण्णांना हे माहीत नव्हतं. मलाही नाही. आण्णांनी चावी पुन्हा घट्ट धरली. "जालिंदर, फिरीव."

"साहेबांना विचारावं लागेल, आण्णा..."

"नऊ करताना मला कुनी इचारलं हुतं? फिरीव म्हनतो!"

दहावा आटा फिरेना. इतकी वर्षं नऊच्या पुढे गेलाच नव्हता, गंजून बसला होता. जालिंदरनी जोर लावला, चाचा रिक्षा सोडून आले, मीही येऊन लोंबकळले. माझा राग गेला नव्हता, तो सगळा मी त्या चावीवर काढला. आत खालून कर्र आवाज आला आणि दहावा फिरला. अकरावा. बाराव्याला आण्णांना धाप लागली, मी त्यांना पायरीवर बसवलं. सोळाव्यानंतर पुन्हा अडकला आणि काही केल्या हलेना. जालिंदर घाम पुसत म्हणाले, "तेल सोडून ठेवतो. साहेबांनाही सांगतो. उरलेले पाच मी करीन."

पण तोवर नळांचा आवाज बदलला होता. एका बाईचा हंडा भरून वाहिला तरी तिला कळलं नाही, ती तशीच बघत उभी. आण्णांनी मला हात धरून नळाजवळ न्यायला लावलं. डोळा नेमका आणून ते ती धार बघत राहिले. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. शेवटी कमळामावशी म्हणाल्या, "शिव्या घालून झाल्या, बघून झालं, आता च्या घे." आम्ही चहा घेतला.

परतीच्या एसटीत आण्णा झोपले. मी जागीच होते. कुणी नगरला जाणार असाल तर किल्ला बघा, महाल बघा, जुन्या वेशी बघा, एक दिवस पुरतो. पण एकदा दिल्ली दरवाज्यापासून उताराला लागून सीनेपर्यंत पायी जा. राजधानी कशी वसली ते तिथे कळेल, आणि कुणाच्या जिवावर तेही. मी आण्णांना माफ केलं का? थोडं केलंय, थोडं अजून बाकी आहे. आईला मात्र एकदा भेटायला हवं होतं.

दिवाळीच्या आधीच नजर गेली. आता खिडकीतला उजेड तेवढा कळतो त्यांना. नजर गेली त्यानंतर आठवडाभरानं कमळामावशींचा पहाटे फोन आला. त्यांनी तो सरळ नळाजवळ धरला. आण्णा फोन कानाला लावून कितीतरी वेळ बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसतही नव्हते. "एकवीस," म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

तेव्हापासून दिवसाआड, वस्तीत पाणी आलं की मावशी फोन करतात. आज सकाळीही केला. आण्णांनी ऐकलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा ऐकलं.

"अठराच हायेत. लाव जालिंदरला फोन."

मी लावला.