बांधावरून पाहिलेलं चित्र

अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात रंगाचं, केमिकलचं काही काम चालतं का?" आणि मी फाडकन म्हणाले, "नाही." आमचे हे बाजूच्याच खुर्चीवर बसले होते, नखांत हिरवा रंग घेऊन. आमची मुलगी अकोल्यातच दिलेली, तिनंच मला ओढून दवाखान्यात नेलं होतं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, बाबा तैलचित्रं काढतात. टर्पेंटाइनची बाटली हॉलमध्ये उघडीच असते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग नुसत्या औषधानं दमा कसा आवरेल? ते काम घरातून बंद करा."

मी खोटं का बोलले? त्यागबिग काही नाही बरं. ह्या माणसाच्या हातातला ब्रश काढून घेतला तर मागं काय उरेल, ते मला माहीत होतं म्हणून बोलले.

हे बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. चित्रकलेची शाळा कधी पाहिली नाही. रिटायर झाले आणि एक दिवस तैलरंगाच्या ट्यूबा घेऊन आले. पहिल्या चित्रात तर माझ्या स्वयंपाकातलं जवसाचं तेल घातलं. ते काय वाळतं लवकर! आभाळभर चिलटं चिकटली. हे सुई घेऊन एकेक काढत बसले. मी म्हणाले, "राहू द्या ना, पाखरं म्हणून खपतीन." पण माणूस हट्टी. मोबाईलवर पाहून, चुकतमाकत शिकले. संत्र्याच्या बागा, वर्धेचं पात्र, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची वावरं, उन्हाळ्यातलं उघडं रान. चित्र झालं की मला हाक यायची. मी पदराला हात पुसत यायची आणि खोट काढायची. "हे नदी हाय का नाली?" "हे झाड तं झोपलं." हे चिडायचे, "तुले काय समजते!" आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच झाड खरवडून काढलेलं असायचं. आमच्यात गोड बोलणं काय ते तेवढंच.

अकोल्याहून अमरावतीला परत येताना हे बडनेऱ्यापर्यंत नखांतला रंग कोरत बसले. घरी आल्या आल्या ट्यूबा, ब्रश, बाटल्या सगळं पोत्यात भरलं आणि बाहेर नेऊन टाकलं.

"एवढी घाई काहून?" मी विचारलं.

"तुहा जीव मोठा का रंग मोठा?"

माझी छाती खरोखरच मोकळी झाली. उशा रचून बसल्या बसल्या झोपणं सुटलं, जिना एका दमात चढू लागले. आणि हे? खुर्चीत बसून भिंतीकडे पाहायचे. ताटातली भाजी चिवडायचे. मुलीनं पाण्यात कालवायचे रंग पाठवले. ते एकदा वापरले आणि झाकणं लावून ठेवली. म्हणाले, "हे हातातल्या हातात वाळते. मले दिवसभर बदलत राहा लागते." मला राग यायचा, माझ्याच छातीचा. एवढ्या अंगात बिघडायला दुसरं काही सापडलं नाही का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

मग हे बाहेर पडू लागले. डबा घेऊन सकाळीच वाचनालयात जातो म्हणायचे. संध्याकाळी यायचे ते डोकं ओलं, अंगाला साबणाचा वास, आणि जेवताना चक्क जास्तीची पोळी मागायचे. माझा जीव भांड्यात पडला. पण थोड्याच दिवसांत संध्याकाळ झाली की माझी छाती पुन्हा आवळू लागली. घरात तर रंगाचा थेंब नाही. धुळीला दोष दिला, फोडणीला दिला. एकदा ह्यांचा शर्ट धुवायला उचलला, कॉलर नाकाशी नेली, आणि खोकल्यानं मला तिथंच खाली बसवलं.

"कुठं जाऊन राहिले तुमी?"

"तुह्या भावाच्या बागेत. मोर्शीले. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत." आणि हे एकदम रडायलाच लागले. "सोडून पाह्यलं व. नाई जमलं मले. तिथं आंघोळ करतो, कपडे बदलून येतो. वाटलं, तुले नाई कळणार."

बदलायचे कपडे त्याच खोलीत टांगलेले, बह्याड माणूस! मी ओरडले, "श्वास माहा जाते अन् रडता तुमी?" मग मीही रडले. रडून झालं तरी प्रश्न तिथंच होता.

शेवटी मीच म्हणाले, "तिकडंच राहा."

"काय?"

"रोज येणंजाणं केलं तं वास येईनच. नाई गेले तं भिंतीकडे पाहून मरान तुमी."

ह्यांनी तो शर्ट उचलून बाहेर दोरीवर टाकला. मग म्हणाले, "अन् तू?"

"मी घेईन श्वास इथं."

तर आता हे बागेत आणि मी अमरावतीत. रविवारी येतात. दारातच मी धुतलेले कपडे देते. विहारात बायका हळू आवाजात विचारतात, "या वयात वेगळं राहून राहिले? भांडण झालं का?" मी म्हणते, "हाव, झालं." कोणाकोणाला समजावत बसू? छाती छान चालते. अंथरुणावर पडल्या पडल्या तिचा आवाज ऐकत राहते, आणि मला ह्यांची फार आठवण येते.

चित्र मात्र घरी आणता येत नाही, ओला रंग वास सोडतो. फोनवर विचारतात, "निळा जास्त झाला का?" आता फोनवर मला काय दिसणार! फोटो पाठवतात, त्यात रंग भलतेच येतात. एक दिवस म्हणाले, "खोट काढणारं कोणी नाई, तं हातच चालत नाई." मग परवा मी मोर्शीची बस धरली.

भावानं खोलीपासून लांब, बांधावर खुर्ची मांडली होती. वारा माझ्या पाठीकडून खोलीकडे जात होता. ते ह्यांनी आधीच पाहून ठेवलेलं. संत्र्याच्या झाडांच्या दोन ओळींमधून समोर खोलीचं दार दिसत होतं. हे बाहेर आले, दोन्ही हातांनी चित्र उंच धरून. मला दिसला तो एक रंगीत चौकोन आणि त्याच्याखाली ह्यांचे पाय. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तेवढंच.

"सांग!" चित्रामागून हे ओरडले. "काय चुकलं?"

मी उठून पुढे निघाले.

"थांब तिथंच! पुढं येऊ नको!"

मी थांबले. काय सांगणार होते? हा माणूस मोटारीच्या खोलीत एकटा राहतो, हातानं भाकरी थापतो, आणि माझ्या एका शब्दासाठी हात वर करून उन्हात उभा आहे. सगळा दम गोळा करून मी ओरडले, "काईच नाई चुकलं! लय सुंदर झालं!"

चित्र थोडा वेळ तसंच वर राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

"म्हंजे दिसलंच नाई तुले," हे म्हणाले.