नाक्यावर थांबलेली गाडी

कनेरगाव नाक्याच्या पद्माचा नवरा अमृतराव कुवेतला एका कंपनीत वेल्डर होता. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर माहेरी आली, तेव्हा वस्तीतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. त्यांना तिथल्या मोटारी, इमारती ऐकायच्या असत. पद्मा मात्र सांगायची तिथल्या शेजारणीचं, निर्मलाचं.

"वाशीमची हाय. मी पोचले त्या दिवशी तिनंच चहा-भाकर आणून दिली. बहीण काय करंल असं करती!"

यात खोटं काही नव्हतं. एकीनं पिठलं केलं की दुसरीनं भाकरी थापायच्या. निर्मला टायफॉईडनं अंथरुणाला खिळली, तेव्हा पद्मानं तिचं तान्हं आपल्या लेकरासोबत अंगावर पाजलं. पद्माच्या घरातली बुद्धाची तसबीर निर्मलानं कधीच पाहिली होती. "आपल्याला इथं त्याचं काय, पद्माताई," एवढंच म्हणाली होती.

तीच निर्मला, तीही सुट्टीवर गावी आलेली, आज जेवायला येणार होती. हिंगोलीला नणंदेकडं जाताना नाक्यावर उतरायचं ठरलं होतं. पद्माच्या आईनं, जनकाबाईनं, पहाटेच पुरण शिजत घातलं, चार बायकांना आवतण दिलं. "माझ्या लेकीला परमुलखात जिनं जीव लावला, तिला चोळी-बांगडी करायची हाय."

पद्मा नवं पातळ नेसून नाक्यावर गेली. वाशीमकडची एस.टी. गाडी हॉटेलापुढं थांबली. खिडकीशी निर्मला, मांडीवर झोपलेलं लेकरू, शेजारी सासू.

"उतर की गं! आई वाट पाहून राहिली."

निर्मला जागची हलली नाही. "काय गं, बरी आहेस ना?" ती म्हणाली. 'ताई' कुठल्या कुठं गेलं होतं.

सासू वाकून बघायला लागली. "कोन व्हय हे?"

"तिथं आमच्याकडं धुण्याभांड्याला येते, आत्याबाई."

"कामवाली? पातळ तं मोठं भारी हाय!"

"माझंच जुनं. मीच दिलं."

पातळ दोघींनी कुवेतच्या बाजारात हसतखिदळत निवडलेलं. पद्माच्या ओठाशी आलं, आत्याबाई, तुमचा नातू माझ्या दुधावर तगलाय. पण म्हातारीनं उद्यापासून त्या लेकराकडं कुठल्या नजरेनं पाहिलं असतं? पद्मानं ओठ मिटले. गाडी निघाली. निर्मलानं पदर सारखा करायच्या निमित्तानं मान वळवली होती.

घरी आईनं विचारलं, "पाव्हणी कुठं हाय?"

"गाडी थांबलीच न्हाई, आई."

"त्या डायव्हरच्या तोंडाला आग लागो! जळब्या, दुसऱ्या गाडीनं हिंगोलीला जा. पद्मे, पत्ता सांग त्याला. पोळ्या गरम हायेत तवर डबा जाऊ दे." जळबा, धाकटा भाऊ, पायात चपला सरकवायला लागला.

जळबा डबा घेऊन त्या नणंदेच्या दारात उभा राहील. आणि ती सासू विचारील, कोन व्हय हा?

"नको पाठवू. गाडी थांबली होती," पद्मा म्हणाली, आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

जनकाबाईच्या हातातलं डब्याचं झाकण हातातच राहिलं. आवतणाला आलेली भिकाबाई पुटपुटली, "बहीण म्हणं!"

"कामवाली?" आईचा आवाज चिरका झाला. "आता तिच्या वाऱ्याला बी उभी राहू नकोस. बोलणंच तोड."

पद्मानं पदरानं तोंड पुसलं.

"तिथं माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी न्हाई, आई."