गिरिजाक्काचा कडीचा डबा

सुंदराबरोबर मी शेवटचं काम केलं ते मिरच्यांची देठं काढायचं. वडगावातल्या आमच्या घराच्या सोप्यात दुपारी बसलो होतो. ती भिंतीला टेकून, मी समोर मांडी घालून, मधे सूप. तिला जिभेचा कॅन्सर होता. तिखटाचं बोट तोंडाला लावून वर्ष होत आलं होतं. मी एकटा असा किती खाणार?

"एवढ्या कुणासाठी?" मी विचारलं.

"लागत्यात." शब्द तोंडातून नीट येत नव्हते, पण मला कळायचे.

"कुणाला?"

"चौकशी बंद करा. देठं काढा."

हुकूम सुटला. मी देठं काढली.

लोक मला इराकातल्या बसऱ्याची लढाई विचारतात. लढाईतलं मी थोडंच बघितलं. पलटणीबरोबर बेळगावच्या छावणीतून शिपाई म्हणून गेलो आणि पुढं हवालदार होऊन पेन्शनीत आलो. बसऱ्याला माझी ड्यूटी बहुतेक सप्लाय डेपोच्या गेटवर असायची. सुभेदारसाहेबांची ऑर्डर होती, आत येणाऱ्याला विचार, बाहेर जाणाऱ्याचं उघडून बघ. एकदा जळणाची गाडी रिकामी परत चालली होती. मी थांबवली, फळी उचलली. खाली दुधाचे डबे निघाले. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून झाकलेली वस्तू दिसली की माझा हात पुढं होतो.

सुंदरा निपाणीकडची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, ही पोर तिथंच वाढली. मिश्री लावायची सवय तिथली. जिभेच्या कडेला फोड आला तो बरा होईना. डॉक्टरनं बघितलं आणि मिशनच्या दवाखान्यात न्या म्हणाला. आगगाडीनं जायचं होतं. स्टेशनापर्यंत इस्माईलचा तांगा केला. त्यानं तांगा लांबच्या रस्त्यानं घातला.

"हिकडनं का रं?" मी विचारलं.

"बसा हवालदार. त्या रस्त्याला खडी हाय. भाभीला हिसके बसतील."

मला खरं वाटलं नाही. मी परत आल्यावर दोन्ही रस्ते पायी चालून बघितले. खडी होती.

दवाखान्यात तिच्या जिभेत रेडियमच्या सुया टोचल्या. सिस्टर मला म्हणाली, सुया काढेपर्यंत जवळ बसू नका, लांबनं बोला. हे कसलं औषध? चांगलं असेल तर नवऱ्यानं लांब का राहायचं? मी वॉर्डाच्या दारात उभा राहून त्या सिस्टरवर नजर ठेवली. ती लगबगीनं यायची, सुंदराचं तोंड पुसायची, लगबगीनं जायची. मग मला दिसलं की आम्हाला लांब ठेवणारी ही बाई स्वतः मात्र रोज जवळ जाते. 

पण माझा सगळ्यात जास्त संशय गिरिजाक्कावर होता. ती आमची शेजारीण, लिंगायत विणकराच्या घरातली. नवरा शिवप्पा मागावर बसायचा, ही त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. दवाखान्यात पेशंटचं खाणं घरच्यांनी आवारात शिजवायचं. ही बाई आपणहून आमच्याबरोबर आली, चूल मांडून बसली आणि आंबील करून देत राहिली. कांड्या भरायला कोणी नाही म्हणून तिकडं शिवप्पाचा माग बंद. विणकर माग बंद ठेवतो ते घरात कोणी मेलं तर. आमच्यासाठी कशाला ठेवेल? मी हिशेब लावला. आमचं परस लांब आहे, मागाचं उभं सूत ताणून लावायला, ताणा म्हणतात त्याला, शिवप्पाला तसलीच जागा पाहिजे. डोळा तिकडं असणार.

सुंदराला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या तिरडीला चौघं आली तरी तुमी उठून त्यांची झडती घ्याल."

सुया काढल्या, घरी आलो. थोडे दिवस बरे गेले. मग गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाला, परत सुया लावता येतील, पण अंगात ताकद पाहिजे. पोटात खाणं गेलं पाहिजे. आता सगळं खाण्यावर होतं.

गिरिजाक्का रोज सकाळी कडीच्या डब्यातून आंबील आणायची. नाचणीची, ताकातली, फडक्यातून गाळलेली. सुंदराजवळ बसून चमच्यानं पाजायची. जाताना डबा झाकून न्यायची. माझं लक्ष त्या झाकणावर. आंबील संपली तर रिकाम्या डब्याला झाकण कशाला? शिवाय तिची चाल. भरल्या डब्याची चाल वेगळी असते. इकडं घरातला गूळ कमी होत होता, तूरडाळ तळाला गेली होती. सुंदरा खात नव्हती, मी एवढं खात नव्हतो.

एक दिवस मी उंबऱ्यावर आडवा उभा राहिलो.

"गिरिजाक्का, डबा उघडा."

"का?"

"उघडा म्हणतो न्हवं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि झाकण काढलं. आत ओंजळभर तूरडाळ आणि गुळाचा खडा. मी म्हणालो, "सापडलं."

आतून सुंदरानं भिंतीवर हात आपटला. मी वळलो. ती उठून बसली होती. एक एक शब्द ओढून म्हणाली, "मी घातली. भांडं रिकामं कसं देऊ?"

आमच्याकडं शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. पण मी उभा होतो गेटवर, आणि गेटवर तसला रिवाज चालत नाही.

गिरिजाक्कानं डाळ आणि गूळ उंबऱ्यावर ठेवला, डबा उचलला. "बिड्री, हवालदार," एवढंच म्हणाली, म्हणजे जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मी आंबील केली. पलटणीच्या लंगरमध्ये शंभर माणसांचं शिजवलेला मी. पण गुठळी राहिली. गुठळी लागली की सुंदराच्या जिभेतून रक्त यायचं. तिनं तोंड मिटून घेतलं. परत केली, परत तेच. तिसऱ्या दिवशी तिला मान उचलवेना. मग मी गिरिजाक्काच्या दारात गेलो. आत माग चालू होता, तो थांबला.

"काय, हवालदार?"

"माझ्या हातची तिला उतरत न्हाय. तुमच्या हातची उतरती."

"हात हालवतच आलाय?"

"व्हय."

"मग मी झडती कशाची घेऊ?"

आतून शिवप्पा हसला. ती हसली नाही. पदर खोचला आणि चुलीकडं गेली. त्या दिवशी सुंदरा अर्धा डबा प्याली. पुढं तिच्यात ताकद आली आणि आम्ही परत दवाखान्यात जाऊन सुया लावून घेतल्या. गाठ बसली नाही. पण ती उपाशी गेली नाही, हे मी कुणालाही सांगू शकतो. शिवप्पानं परसाचं नाव एकदाही काढलं नाही. मी वाट बघत होतो.

मी संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाचं ते कामच आहे. पण संशय खोटा निघाला तर तसं रिपोर्ट करायचं, हेही कामच. म्हणून हे लिहिलं. इस्माईल, ती सिस्टर, शिवप्पा, गिरिजाक्का. एवढ्या माणसांनी माझ्या बायकोला शेवटपर्यंत सांभाळलं.

मिरच्या निवडल्या त्याच रात्री ती झोपेत गेली. दुसऱ्या दिवशी दहन झालं. खांद्याला शिवप्पा पुढं होता, इस्माईल मागं. मी कुणाची झडती घेतली नाही.

बसऱ्याला आमच्या सेक्शनमधला बेळगुंदीचा धोंडी गोळी लागून पडला, तेव्हा त्यानं धुऊन वाळत घातलेला दुसऱ्याचा शर्ट मी घडी करून ज्याचा त्याला नेऊन दिला होता. माणूस पडला की त्याचं हातातलं काम जोडीदारानं पुरं करायचं, ही आमची रीत. सुंदराचं काम सुपात पडलं होतं.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. गिरिजाक्काचा शेवटच्या आंबिलीचा डबा चुलीजवळ तसाच होता. एवढ्या मिरच्या कुणासाठी, ते तेव्हा कळलं. घासला. त्यात मिरच्या भरल्या, झाकण लावलं आणि तिच्या दारात गेलो. तिथं उभा राहिल्यावर ध्यानात आलं की मला सुतक आहे. सुतकाच्या घरातलं कोण घेतं? मी मागं फिरणार होतो.

"थांबा," गिरिजाक्का म्हणाली. "आमच्यात सुतक धरत न्हाईत. आणा हिकडं."

तिनं झाकण काढलं.  एक मिरची उचलून देठाची जागा बोटानं चाचपली. "तिनं काढल्यात?"

"निम्मी मी."

ती डबा घेऊन आत गेली. मी दारात उभा होतो. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि तोच डबा माझ्या हातात दिला. झाकण लावलेलं होतं. डबा गरम लागत होता, जड होता.

"हे कशाला?"

"भांडं रिकामं कसं देऊ?"

मी डबा घेऊन घरी आलो. वाटेत झाकण उघडून बघितलं नाही.