दसऱ्याला धुतलेल्या काचा

डोंगरसिंग आयुष्यात एकदाच शिरपूरच्या कॉलेजची पायरी चढला, आणि तीसुद्धा स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला.

गडी मोठा मजेचा. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची पावसावरची शेती, मोहाच्या दिवसांत फुलं वेचायची आणि शिरपुरात दीपचंद शेठच्या दुकानी घालायची. एकदा बैल विकायला म्हणून बाजारात गेला आणि संध्याकाळी तोच बैल घेऊन परत आला. बायकोने, धनीबाईने, कारण विचारलं, तर म्हणे गिऱ्हाईक बैलाशी नीट बोललं नाही. धनीबाई तेव्हापासून त्या बैलाला जावई म्हणायची.

त्यांची एकुलती एक पोर उषा. ती कॉलेजात शिकता शिकता तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला लागली. तिचे सर जिनेश, म्हणजे दीपचंद शेठचाच मुलगा. काम होतं उन्हापासून वीज काढणाऱ्या काचांचं. छपरावर निळ्या पाट्या दिसतात, त्या नव्हेत. ही नवी जात. पेरोव्स्काइट नावाचा पदार्थ काचेवर सायीपेक्षाही पातळ फासायचा. वीज चांगली देतो, पण जात मोठी नाजूक. हवेतल्या ओलीनेसुद्धा मरतो. म्हणून उषा त्याच्यावर त्याच कुळातला दुसरा एक थर चढवत होती. त्यातले कण पानावर पान ठेवल्यासारखे रचलेले. ओल आत शिरू द्यायची नाही, आणि मधे वाया जाणारी वीजही वाचवायची. तिने आईला सांगितलं, की भिंतीवर सारवण घालतो ना, तसंच.

धनीबाई म्हणाली, "घर सारवाले सांगं ते पळी जाये. आते काच सारवाले शिरपूरले जास."

थर प्रयोगशाळेत टिकला होता. आता तो खऱ्या उन्हात, खऱ्या हवेत टिकतो का, ते बघायचं होतं. पाऊस सरल्यावर उषाने आपल्याच घराच्या छपरावर लाकडी चौकटीत त्या काचा मांडल्या. तळहाताएवढ्या, काळ्याभोर. त्यांच्या कडा तिने मुद्दाम उघड्या ठेवल्या, कारण परीक्षा थराची होती, कडेच्या डिंकाची नव्हे. वायरी खाली एका डबीत सोडल्या; किती वीज आली, ते डबी तिच्या फोनवर कळवायची. दिवाळीपर्यंत काचा काळ्या राहिल्या आणि वीज देत राहिल्या, तर काम पुढे चालणार. नाहीतर प्रयोगशाळेतलं हे काम बंद, आणि उषाची जागाही बंद. हे तिने आईबापांना समोर बसवून सांगितलं, आणि काचा पावसापासून जपा म्हणून बजावून ती शिरपूरला गेली.

डोंगरसिंगने त्या काचा कशा जपल्या म्हणता! आभाळात एखादा ढग चुकार वासरासारखा भटकताना दिसला, तरी हा शिडी चढून चौकटीवर ताडपत्री टाकायचा. एकदा खरंच सर आली. ताडपत्री शेळ्यांवर होती, तर गड्याने अंगातला सदरा काढून चौकट झाकली, वर घोंगडी टाकली आणि स्वतः उघडा भिजत बसला. खाली उतरल्यावर शिंका सुरू. धनीबाईने विचारलं, की लग्नात माझ्यासाठी कधी असे भिजला होतात का? तो शिंकत शिंकत शेळ्यांवरची ताडपत्री काढायला गेला.

मग दसरा आला.

दसऱ्याला घरातली हत्यारं पुजायची. ज्याच्यावर पोट चालतं, ते त्या दिवशी देव. डोंगरसिंगने नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, कुदळ अंगणात आणली, घासून स्वच्छ धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आणि उभा राहिल्यावर त्याची नजर छपराकडे गेली. पोरीचं हत्यार वरच राहिलं की! तिचं पोट उद्या त्याच्यावर चालायचं, आणि ते धुळीत, पूजेवाचून.

त्याने काचा अलगद सोडवून खाली आणल्या. धुतल्याशिवाय पूजा होत नाही, तेव्हा तांब्याने पाणी घालून धुतल्या. पाऊस लागू द्यायचा नव्हता, तो त्याने लागू दिला नव्हता. पूजेचं पाणी म्हणजे पाऊस, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. हळदीचं बोट लावलं, फूल ठेवलं, हात जोडले आणि काचा परत जागच्या जागी नेऊन बसवल्या.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर काचांच्या कडा पिवळ्या. त्याला वाटलं, हळद उतरली. ओल्या फडक्याने पुसली, निघेना. पोर येऊन म्हणेल, आबा, काचेला डाग पाडला. म्हणून त्याने राख घेतली, पाणी घेतलं, आणि घासायला बसला. जितकं घासावं तितकी हळद आत आत सरकत जाई. संध्याकाळपर्यंत सगळ्या काचा पिवळ्या झाल्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की पिवळं काचेच्या वर नाही, आत आहे.

डबीत वीज येईना, म्हणून उषा धावत आली. चौकटीतल्या काचा तिने एकेक करून उन्हात धरून बघितल्या. मग तिने एवढंच विचारलं, की पाणी कुठे सांडलं.

डोंगरसिंगने अंगणातली जागा दाखवली. तिने शेळ्या सोडून लांब बांधायला लावल्या, हातात पिशव्या चढवल्या, आणि ती ओली माती खरवडून गोणीत भरायला लागली. ओलीने तो पदार्थ मेला की असाच पिवळा पडतो, आणि त्यात शिसं असतं, विषारी, म्हणाली. थोडंच आहे, पण राहू द्यायचं नाही. बाप कुदळ घेऊन पुढे झाला, तर तिने हाताने थांबवलं. नुकतीच धुतलेली कुदळ. तिच्यावरचा झेंडू अजून सुकला नव्हता.

"बठ्ठं मीच धुवं, सगळं मीच," तो म्हणाला.

"माहीत आहे, आबा," ती म्हणाली, आणि माती भरत राहिली.

जिनेश सरांना तिने कळवलं, की काचा टिकल्या नाहीत. बापाचं नाव घेतलं नाही. म्हणजे दोष गेला थरावर. दोन वर्षांचं पोरीचं काम खोटं ठरलं, आणि हा घरी गप्प बसून राहिला. शेवटी सकाळच्या एसटीने तो शिरपूरला गेला.

जिनेश सर दुकानातल्या ओळखीने उठून उभे राहिले, खुर्ची दिली. हा बसला नाही.

"थर चांगला होता, भाऊ," तो म्हणाला. "त्याला ओलीपासून वाचायचं होतं, अन् मी तर त्याला आंघोळ घातली. राखेनं घासला. तसा तर माणूस पण मरेल."

सरांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. त्यांचा विश्वास बसला. थर खोटा नव्हता, हे त्यांनी वर कळवलंही. पण नव्या काचा करून उन्हात ठेवायला दिवाळीची मुदत उरली नव्हती, आणि वरून उत्तर आलं ते काम बंद करण्याचं. उषाची जागा गेली.

आता ती धुळ्यात एका दुकानात आहे. छपरावरच्या त्या निळ्या पाट्या विकते. गिऱ्हाईक विचारतं, निगा कशी राखायची, आणि ती सांगते, धूळ बसली की पाण्याने धुवा.

परवाच्या दसऱ्याला ती घरी आली. अंगणात फाळ, कुऱ्हाड, विळा ओळीने मांडलेले, त्यांच्यावर वर्षाची माती तशीच. तिने तांब्या भरून आणला आणि बापापुढे धरला. डोंगरसिंगने हात पुढे केला नाही. मातीवरच कुंकू लावलं.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "कोरडंच बरं."

तिने तांब्या खाली ठेवला आणि झेंडूची फुलं एकेक करून त्याच्या हातात देत राहिली.