मधे एक कारलंसुद्धा नाही

हातात कुठलीही गोल वस्तू आली की आमच्या विहीणबाई ती आधी डोळ्यांसमोर धरायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. मग तो वाटाणा असो, आवळा असो, नाहीतर रक्तदाबाची गोळी. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा मी केलेला बेसनाचा लाडू त्यांनी असाच धरला. मला वाटलं, खोट शोधतायत. मी मुलाची आई, मान माझा, आणि या पहिल्याच पंगतीत माझा लाडू तपासतायत. त्या शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, हा लाडू पृथ्वी धरला, तर चंद्र म्हणजे तो काबुली चणा. आणि ठेवायचा कुठे, तर त्या फ्रिजपाशी." मग लाडू खाल्ला. कसा झालाय ते सांगितलं नाही. मी पुढची वीस वर्षं वाट पाहिली.

त्या पुण्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दर हिवाळ्यात दोन महिने आमच्या मयूर विहारच्या घरी यायच्या. "मला दिल्लीची थंडी मानवते," म्हणायच्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात मी तीस हिवाळे काढलेत, दिल्लीची थंडी कुणाला मानवते ते मला विचारा. त्या यायच्या नातीसाठी. रेवा तेव्हा सात वर्षांची होती आणि मी बासष्टची, म्हणजे वय तसं अल्लडच. अक्कल यायची होती.

वर्षातले दहा महिने रेवाच्या वेण्या मी घालायची, डबा मी करायची, शाळेच्या बसपर्यंत दप्तर मी वाहायची. पायात बूट आणि अंगावर सुती साडी अशा थाटात विहीणबाई दारात उभ्या राहिल्या, की ही पोरगी माझ्या हातातून अर्धी वेणी सोडवून पळायची. तिने त्यांना नावही दिलं होतं, भोपळेआजी. मी नुसती आजी. एकदा मी लाडीगोडीने विचारलं, "मला काय नाव देशील गं?" तिने बिल्कुल विचार न करता सांगितलं, "तू तो आजी ही है ना." या वाक्यावर मी दोन दिवस धुमसत होते. सुनेला वाटलं, माझे गुडघे दुखतायत.

त्यांना भोपळेआजी हे नाव माझ्याच भोपळ्यामुळे मिळालं, हे आणखी वर. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या सोसायटीतल्या, आर. के. पुरमहून मेट्रो बदलत आलेल्या, अशा सगळ्या मराठी बायका जमायच्या होत्या. घारगे करायचे म्हणून मी चांगला घागरीएवढा लाल भोपळा निवडून आणला होता. दुपारी साडी नेसून बाहेर येते तर भोपळा अंगणातल्या खुर्चीवर, उन्हात. शेजारी विहीणबाई, आणि भोवती माझ्या पाहुण्या.

"हा सूर्य," विहीणबाई म्हणाल्या. मग सुगडातून एकेक वस्तू काढायला लागल्या. बारीकसा हलव्याचा दाणा म्हणजे पृथ्वी. बोर म्हणजे गुरू. हरभरा म्हणजे नेपच्यून. "आता सांगा, हलवा कुठे ठेवू?" एकीने खुर्चीच्या पायापाशी बोट दाखवलं. विहीणबाई चालू लागल्या. सगळं पार्किंग ओलांडून, गेटपाशी जाऊन, चौकीदाराच्या स्टुलावर त्यांनी तो दाणा ठेवला. बायका साड्या सावरत मागोमाग आल्या. दाण्याच्या शेजारी, एक बोट सोडून, खसखशीचा कण ठेवला. "हा चंद्र. माणूस घराबाहेर पडून आजवर गेलाय तो एवढा. एक बोट."

हलव्यावर मुंगी चढली. रेवा तिला झटकायला गेली तर म्हणाल्या, "असू दे. प्रकाश हिच्याच चालीने येतो. भोपळ्यापासून इथवर आठ मिनिटं." मी मागून म्हटलं, "चहा निवतोय." कुणी ऐकलं नाही. बोर ठेवायला वरात देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि हरभरा ठेवायला थेट मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी. पैठण्या नेसलेल्या बायका, पुढे बूट घातलेल्या विहीणबाई, त्यांचा हात धरून माझी नात. मी घरात गुळाच्या पोळ्यांवर माशा वारत बसले. परतल्या त्या स्टेशनखाली गोलगप्पे खाऊन. वरच्या मजल्यावरची पंजाबी भाभी मला म्हणते, "आंटी, ऐसा फंक्शन हर महीने रखो ना." फंक्शन माझं, हळद माझी, कुंकू माझं.

त्या संध्याकाळी रेवाने विचारलं, "भोपळेआजी, दुसरा तारा कुठे ठेवायचा? नोएडात?"

"नोएडात?" विहीणबाई हसल्या. "इथून निघायचं. काबूल मागे टाकायचं, सगळं युरोप ओलांडायचं, लंडनच्याही पुढे समुद्र लागेल, तो ओलांडायचा. तिथे आयर्लंडात दुसरा भोपळा."

"आणि मधे?"

"मधे काही नाही. एक कारलंसुद्धा नाही."

रेवाचा चेहरा मला अजून दिसतो. मी तिला इतकी वर्षं राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या, पण इतक्या आदराने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. माझा राजा फार फार तर सात समुद्र ओलांडायचा, आणि वाटेत राक्षस, म्हातारी, बोलणारा पोपट अशी भरपूर गर्दी. विहीणबाईंनी मधे काहीच ठेवलं नाही आणि पोरगी जिंकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी सूर्य चिरला. त्या दोघी फिरायला गेल्या होत्या तेवढ्यात किसला, गूळ घातला आणि घारगे तळून मोकळी झाले. रेवा रडेल, विहीणबाई चिडतील, मग मी म्हणेन, "अहो, भाजीच ती." सगळं ठरवून ठेवलं होतं. रेवा रडली, अगदी ठरल्याप्रमाणे. विहीणबाईंनी घारगा उचलला, डोळ्यांसमोर धरला, खाल्ला, दुसरा घेतला आणि नातीला म्हणाल्या, "रडतेस काय? खाऊन बघ, सूर्य गोड निघालाय." ती हुंदके देत चार घारगे खाऊन गेली. लाडवाला न मिळालेली शाबासकी घारग्यांना मिळाली, तीही सूर्याच्या नावावर.

मोठाले आकडे त्या कधी सांगत नसत. "शून्यं ऐकून पोरी जांभया देतात," म्हणायच्या. "अंतर पायात भरावं लागतं." त्यामुळे घरातलं माणूस कुठल्याही कामाला निघालं की पायात अंतर भरूनच परत यायचं. माझा मुलगा दही आणायला जाई आणि शनीपर्यंत जाऊन येई. मी मुद्दाम रिक्षाने जायची.

त्या शेवटच्या आल्या त्या हिवाळ्यात रेवा बारावीला होती. तेव्हा त्यांना धाप लागायची, गेटपर्यंतही जाववत नसे. "या वर्षी पृथ्वीपर्यंतसुद्धा नाही पोचले," असं त्यांनी हसत सांगितलं. निघायच्या दिवशी टॅक्सी येईपर्यंत आम्ही दोघी उन्हात खुर्च्या टाकून बसलो. रेवा आली, त्यांच्या पाया पडली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, माझा निळा स्वेटर कुठेय? आणि भूक लागलीये यार."

ती आत गेल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही खसखस आहात."

मी म्हटलं, "काय?"

"आम्ही बाकी सगळे बोरं आणि हरभरे. देवळापाशी, स्टेशनापाशी. त्या पोरीच्या एका बोटावर तुम्ही एकट्या. मला फार हेवा वाटायचा तुमचा."

एवढ्यात टॅक्सी आली. वीस वर्षं ज्या बाईवर जळले, तिने जाता जाता मला खसखस म्हणावं, याचाच राग मी टॅक्सी वळेपर्यंत धरून होते. वजन चौऱ्याहत्तर किलो माझं. बाकीचं वाक्य माझ्या डोक्यात शिरायला मुंगीच्या चालीने वेळ लागला. तोवर पुण्याहून फोन आला होता, आणि सून बॅग भरायला धावली होती.

रेवा शिकायला गेली. कुठे म्हणाल, तर डब्लिनला. आयर्लंडात. "फीस कमी आहे आणि कोर्स चांगला आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. मी तिची बॅग भरत होते. पोरगी कुणाच्या भोपळ्यामागे निघाली होती ते मला बरोब्बर कळत होतं, आणि तेव्हाही पोटात थोडं जळलंच.

परवा संक्रांतीला तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे खिडकीत काळोख आणि पाऊस. "आजी, मी खूप लांब आलेय गं," म्हणाली आणि ओठ मुडपून बसली. काहीतरी माझं स्वतःचं, नुसत्या आजीचं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते. तोंडातून आलं ते असं, "लांब कसलं? मधे एक कारलंसुद्धा नाही."

ती आधी रडली, मग हसली. "तू अगदी भोपळेआजीसारखी बोलतेस."

म्हणजे जाऊनही बाई पुढेच. मी म्हटलं, "स्वेटर घाल."

"कुठला?"

"निळा. बॅगेत डाव्या बाजूला, खाली ठेवलाय."

ती उठून गेली आणि स्वेटर घालून आली.

या वर्षीही मी घारग्यांसाठी भोपळा आणलाय. चांगला, घागरीएवढा. अंगणातल्या खुर्चीवर ठेवलाय आणि शेजारी दुसरी खुर्ची टाकून मी दुपारभर उन्हात बसते. सून दोनदा विचारून गेली, "आई, चिरून देऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे. सूर्य आहे तो."