गेरूची भिंत

यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. बाजारामागच्या कौलारू घरात मी अकरावीपासून अभ्यास करत आले. आमची एकच खोली, त्यातही आईचं शिलाई मशीन. कॉलेजात जाणारी आमच्याकडची मी पहिलीच, त्यामुळे अभ्यासाला वेगळी जागा लागते हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही ते त्या घरातच कळलं.

घर होतं एका मास्तरीणबाईंचं; त्या वारल्यापासून ते रिकामंच होतं. मुलींना शाळेत घालत नसत, त्या काळात त्या पुढच्या खोलीत मुलींना शिकवायच्या. सगळ्यांकडे पाटी नसे, म्हणून त्यांनी भिंतीवरच गेरूने मुळाक्षरं लिहिली होती. फिकट झाली होती, पण वाचता यायची.

ते घर पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरलं, तेव्हा जुनी वास्तू म्हणून ते राखावं, असा मोहल्ल्याने सरकारकडे अर्ज केला. अर्ज मीच लिहिला. त्यात आमचा सगळा भर त्या अक्षरांवर होता. तिथले साहेब पाहायला येणार असा निरोप आला.

आदल्या दिवशी माझं यवतमाळला प्रॅक्टिकल होतं. संध्याकाळी बसमधून उतरून थेट तिथे गेले, तर दारातच डिस्टेंपरचा वास आला. पुढची खोली पिवळीधमक झाली होती. आई आणि शेजारच्या बायका हात धूत होत्या.

"पाहून घे," आई म्हणाली. "साहेब काय म्हणन, असं घर वाचवून राह्यले का हे?"

आमच्याकडे सोयरिकीचे पाहुणे येणार म्हटलं तरी आधी भिंती रंगवतात. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना.

"आई, अक्षरं?"

"डागावानी दिसत होते वं ते. तुयं अक्षर चांगलं हाये. तू नव्यानं लिहून दे."

गेरू भिजवून ठेवलेला होता. मी वाटी उचलली, भिंतीपाशी गेले. साहेबांना कदाचित कळलंही नसतं. घर वाचलं असतं. मी तशीच उभी राहिले.

"काहून थांबली?"

"मी लिहिलं तर ते माझं होईल, आई. बाईंचं नाही."

आईने हातातलं फडकं पिळलं. मग तिने त्या ओल्या फडक्याने एक कोपरा घासून पाहिला. रंगाबरोबर गेरूही निघाला. बादलीतलं पाणी तांबूस झालं, तेव्हा मीच तिचा हात धरला.

सकाळी साहेब आले. त्यांनी अर्ज पाहिला, मग भिंत. "लेखन कुठे आहे?"

मी जे झालं ते सांगितलं. सांगताना आईकडे पाहणं टाळलं.

तेवढ्यात गॅरेजवाले चाचा पुढे आले. आदल्या दिवशी रंग लावण्याआधी त्या खोलीतलं कपाट सरकवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते न करता ते चहाला गेले म्हणून बायकांनी त्यांना भरपूर ऐकवलं होतं.

"साहब, त्या कपाटामागं रंग नाही लागला," ते म्हणाले. "मी कामचोर हाव ना, हे सगळ्या सांगतीलच तुमाले."

कुणीतरी हसलं. चौघांनी मिळून कपाट ओढलं. मागे जुन्या चुन्यावर गेरूची अक्षरं होती. त, थ, द, ध. पुढचा न अर्धा डिस्टेंपरखाली गेलेला.

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच," आई म्हणाली. "बाकीचं आमीच पुसलं."

त्यांनी फोटो काढले. पाहतो, म्हणाले. यावर भागेल की नाही, ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

अजून काही कळलेलं नाही. मी तिथेच अभ्यासाला बसते, पण रस्त्यावर एखादं मोठं मशीन वाजलं की पुस्तकातून उठून दाराशी जाते. त्या दिवशी साहेब गेल्यावर चाचा कपाट परत ढकलू लागले, तेव्हा आईने त्यांना थांबवलं होतं. तिने आपला पदर कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे धरला आणि म्हणाली, "आता हळू. घासू नोका."